काड्यापेटीतलं हाड

शिरोळ तालुक्यातल्या एका अंगणवाडी सेविकेचं पत्र आलंय. थोडं आटोपशीर करून देते.

"डॉक्टरबाई, आमच्या गावच्या माळावर दरवर्षी बीडकडची ऊसतोडीची टोळी उतरते. यंदा त्यांच्यात एक चार वर्षांची मुलगी आहे. दिवाळीच्या आगेमागे तिला गोवर आला, मागोमाग हगवण लागली. त्यातून उठते न उठते तोवर हिरड्या काळ्या पडल्या. तोंडाला असा वास, की कोपीत बसवत नव्हतं. उजवा गाल सुजून टरटरला, मधोमध काळा डाग पडला. आईने इथल्या एका डॉक्टरकडून पाच दिवसांचं औषध आणलं. ताप गेला, सूज निम्मी उतरली, गालावर खपली धरून वण राहिला. आम्ही म्हटलं, वाचली पोरगी. पण आता दोन महिने होत आले, जबड्याखाली एक भोक पडलंय, त्यातून थोडा थोडा पू येतो. दोन दात आपोआप पडले. परवा हिरडीत पांढरट-पिवळं काहीतरी टोचत होतं, आईने चिमटीत धरलं तर निघूनच आलं. नखाएवढा हाडाचा तुकडा. तो मी काड्यापेटीत घालून ठेवलाय. टोळीतली म्हातारी म्हणते, घाण होती ती पडली, आता बरी होईल. मला तसं वाटत नाही. तोंडही नीट उघडत नाही, चमच्याचं नुसतं टोक आत जातं. गावातल्या आया म्हणतात, तिला अंगणवाडीत बसवू नका, आमच्या पोरांना लागेल. मुकादम म्हणतो, दवाखान्यात गेलात तर खाडा पडेल. मी काय करू? आणि त्या तुकड्याचं काय करू?"

ताई,

तुम्हाला वाटतंय तेच बरोबर आहे. पोरगी बरी झालेली नाही. तिच्या जबड्याच्या हाडाला पू धरला असावा, असं तुमच्या पत्रातली प्रत्येक ओळ सांगते. 'असावा' अशासाठी म्हणते, की कागदावरून निदान करणाऱ्या डॉक्टरवर विश्वास ठेवू नये, अगदी माझ्यावरही. पण या आठवड्यात तिला मोठ्या दवाखान्यात न्यायचं, एवढं सांगायला मला पोरगी समोर लागत नाही.

म्हातारीचं म्हणणं निम्मं खरं आहे. जे निघालं ते मेलेलं हाडच होतं, आणि मेलेलं हाड शरीर बाहेर ढकलतं हेही खरं. फक्त तेवढंच मेलं होतं, हे तिला कुणी सांगितलं? जबड्याखालचं भोक अजून वाहतंय. वाहतंय म्हणजे आत अजून काहीतरी आहे.

हाड आपल्याला खुंटीसारखं वाटतं, कोरडं आणि मुकं. तसं ते नसतं. लहान मुलाच्या जबड्यात रक्त खेळतं असतं. त्यात वर दुधाचे दात आणि खाली पुढे येणाऱ्या कायमच्या दातांचे कोंब असतात. हिरडी सडून गळून पडली, की खालचं हाड उघडं पडतं, त्याला रक्त पुरवणाऱ्या बारीक नळ्या गोठतात आणि तेवढा भाग मरतो. आता यात मेख कुठे आहे ते बघा. औषध, मग ते सुईतून द्या नाहीतर तोंडातून, पोचतं रक्तातूनच. तुमच्याकडे उसाला पाटाने पाणी देतात ना? सरी मध्येच फुटली की पाट कितीही भरून वाहू दे, पुढचा ऊस वाळतो. मेलेल्या हाडाचं तसंच होतं. त्याच्यापर्यंत औषध जातच नाही, आणि जंतू मात्र त्याच्या फटींत आरामात राहतात. पाच दिवसांच्या औषधाने ताप गेला, सूज उतरली, सगळ्यांना हायसं वाटलं. आतल्या जंतूंना काही झालं नाही.

दातांचंही सांगते. चार वर्षांच्या मुलाचा दुधाचा दात आपोआप पडत नाही. पहिला दात हलायला साधारण सहावं वर्ष लागतं. त्याआधी, मार लागलेला नसताना, ओळीने दोन दात गळले, तर त्यांच्या मुळाशी धरून ठेवणारं हाड उरलेलं नाही असं समजायचं. हे तुमच्या मदतनीस बाईंनाही सांगून ठेवा.

आता मूळ आजार. गोवर, मग हगवण, मग काळी हिरडी, असह्य वास, गालावर काळा डाग, या क्रमाने जे येतं त्याला 'नोमा' म्हणतात. जुन्या पुस्तकांत 'कॅन्क्रम ओरिस'. ग्रीक भाषेत 'नोमा' या शब्दाच्या मुळाशी चरणं आहे, गुरं कुरणात चरतात तसं. आपल्याकडेही नायटा चरत गेला म्हणतातच की. हिरडीवरच्या एका फोडापासून गालाला भोक पडेपर्यंत कधी कधी आठवडासुद्धा पुरतो. बहुतेक दोन ते सहा वर्षांची मुलं यात सापडतात: अंगावर मांस नाही, तोंड अस्वच्छ, आणि नुकताच गोवर नाहीतर मलेरिया होऊन गेलेला. उपचार झाले नाहीत तर शंभरातली नव्वदपर्यंत मुलं दगावतात. तुमची पोरगी त्यातून वाचली, ती त्या पाच दिवसांच्या औषधामुळेच. त्या डॉक्टरला नावं ठेवायची माझी इच्छा नाही.

कारण मी स्वतः तेच केलंय. उमेदवारीच्या काळात जबडा सुजलेला एक मुलगा माझ्यापुढे आणला होता. एक्स-रे काढला, स्वच्छ दिसला. मी औषध दिलं आणि घरी पाठवलं. पहिले दहा-पंधरा दिवस हाडातला संसर्ग साध्या एक्स-रेत दिसतच नाही, बराचसा चुना झिजल्यावर मग डाग उमटतो, हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. तीन आठवड्यांनी तो मुलगा परत आला तेव्हा हनुवटीखाली पू वाहत होता. त्याची आई माझ्यावर रागावलीसुद्धा नाही. ते जास्त लागलं.

हा आजार आफ्रिकेतला, आपल्याकडे कुठला, असं कुणी तुम्हाला सांगेल. सर्वांत जास्त मुलं तिकडेच सापडतात हे खरं. नायजेरियात सोकोटो इथे नोमाच्या मुलांसाठी खास रुग्णालय आहे. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर 2023 मध्ये नोमाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतलं. म्हणजे इतका जुना आजार, आणि दुर्लक्षितांच्या यादीत यायलाही 2023 उजाडावं लागलं! पण एकेकाळी तो युरोपातही होता. पोरांना पोटभर खायला मिळू लागलं तसा तिथून गेला, आणि दुसऱ्या महायुद्धात छळछावण्यांतल्या उपाशी मुलांत पुन्हा दिसला. त्याला देश कळत नाही, भूक कळते. भारतातही अधूनमधून अशी मुलं सापडतात.

गावातल्या आयांना स्पष्ट सांगा: हे लागत नाही. नोमामागचे जंतू बाहेरून येत नाहीत, तुमच्या-माझ्या तोंडातही त्यांचे भाऊबंद आहेत. अंगातली ताकद संपलेल्या मुलातच ते असे माजतात. एका ताटात जेवून, शेजारी बसून कुणाला काही होणार नाही. लागण होते ती गोवराची. तेव्हा त्या आयांची भीती वाया घालवू नका, तिच्यातून काम काढून घ्या. गोवर-रुबेलाची लस नऊ महिने पुरे झाल्यावर एकदा आणि सोळा ते चोवीस महिन्यांत दुसऱ्यांदा द्यायची असते. टोळीतल्या किती मुलांना दोन्ही मिळाल्यात ते बघा. कार्ड गावाकडे राहिलं असेल, नाहीतर निघालेलंच नसेल. पाच वर्षांच्या आतल्या राहिलेल्या मुलांना आताही देता येते. अ जीवनसत्त्वाचा डोसही बघा, गोवरात ते अंगातून आटतं.

आता जायचं कुठे. कोल्हापूरला, सीपीआरला, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात. दसरा चौकाजवळ आहे, एसटीने येणाऱ्यालाही सोपं. ते वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. या पोरीला एकटा दातांचा डॉक्टर पुरणार नाही आणि एकटा बालरोगतज्ज्ञही, म्हणून तिकडेच. आधी तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याची चिठ्ठी घ्या. आईवडिलांचं आधार आणि रेशनकार्ड बरोबर असू द्या. कार्ड बीडचं असलं तरी चालतं, महात्मा फुले जनआरोग्य योजना राज्यभर आहे. केसपेपरच्या रांगेत 'तोंडात फोड' असं सांगाल तर जिभेला लावायचं मलम घेऊन परत याल. म्हणून एका कागदावर एवढं लिहून न्या:

"वय चार. गोवरानंतर हिरडी व गाल सडला होता. दोन महिन्यांपासून जबड्याखालून पू. दोन दात व हाडाचा तुकडा पडला. तोंड उघडत नाही. वजन इतकं, दंडघेर इतका."

दंडघेर घ्यायला विसरू नका. साडेअकरा सेंटीमीटरच्या आत असेल तर ते तीव्र कुपोषण आहे, आणि मग तिच्या खाण्याचा उपचारही दवाखान्यातच सुरू व्हायला हवा. नेताना वाटेत दया येऊन तिला शिरा, पेढा, भरपूर तूप असलं काही भरवू नका. फार दिवस उपाशी राहिलेल्या अंगाला एकदम भरपूर खाणं झेपत नाही, कधी कधी त्यानेच जीव धोक्यात येतो. थोडं थोडं, वारंवार आणि पातळ द्या. दूध, गाळलेलं मुगाचं वरण, नाचणीची आंबील चालेल.

तिथे काय होईल ते आईला आधीच सांगून ठेवा, म्हणजे दुसऱ्या दिवशी ती गाठोडं उचलून निघणार नाही. रक्त तपासतील. नुसतं हिमोग्लोबिन बघून थांबणार नाहीत. हिरडी अशी सडायला कधी रक्ताचा आजार, कधी एचआयव्ही कारण असतं, तेही बघावं लागतं. त्यावर आईने रागावू नये. पू तपासायला जाईल. एक्स-रे किंवा सीटी स्कॅन होईल, आता दोन महिन्यांनी त्यात मेलेलं हाड वेगळं दिसायला हवं. औषध आधी सलाईनमधून, मग तोंडाने, आणि ते दिवसांच्या नाही, आठवड्यांच्या हिशेबाने. चार ते सहा आठवडे धरून चाला. पू थांबला म्हणून बाटली अर्ध्यावर ठेवायची नाही. मेलेला तुकडा आत मोकळा झाला असेल तर भूल देऊन काढतील. नसेल झाला, तर वाट बघतील. अशा वेळी 'डॉक्टर काहीच करत नाहीत' असं नातेवाईक म्हणतात, पण ते वाट बघणंसुद्धा उपचारातच मोडतं. मुलांच्या हाडावरचं वेष्टन जोमदार असतं, ते मेलेल्या भागाभोवती नवं हाड धरतं. घाई करून जुनं ओरबाडलं तर नवंही जातं, आणि कधी जबडाच मोडतो.

म्हणून आईने परवा केलं ते पुन्हा करायचं नाही. तिला दोष देऊ नका. आपल्या लेकराच्या तोंडात काही टोचताना दिसलं तर कुठल्याही आईचा हात जाईलच. पण यापुढे हलणारा दात, टोचणारा तुकडा, कशालाच हात लावायचा नाही. भोकात हळद-चुना, जखमेवर मशेरी किंवा राख भरायची नाही. माळावर यातलं काहीतरी झालेलंच असणार, ओरडू नका, नुसतं थांबवा. उकळून कोमट केलेल्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकून, स्वच्छ मऊ कापडाने जेवणानंतर दात आणि हिरड्या हलक्या हाताने पुसायच्या. चार वर्षांच्या पोरीला गुळण्या नीट जमत नाहीत.

तोंड उघडत नाही, हे तुम्ही पत्राच्या शेवटी सहज लिहिलंय. मला त्याची काळजी हाडाइतकीच वाटते. गालाचा वण भरताना आकसतो आणि जबडा आतून बांधला जातो. वेळीच हालचाल सुरू झाली नाही तर कधी कधी वरचा-खालचा जबडा हाडानेच जोडला जातो. मग ती पोर जन्मभर फटीतून पेज पिते. निरोगी मुलाच्या तोंडात त्याचीच तीन बोटं उभी मावतात. तिची किती मावतात ते बघा आणि कागदावर लिहा. दवाखान्यात आईस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून तोंड हळूहळू उघडण्याचा व्यायाम शिकवतात: आज पाच काड्या, आठवड्याने सहा. हाडाची परिस्थिती बघून कधी सुरू करायचं ते डॉक्टर ठरवतील, तुम्ही आपल्या मनाने करू नका, पण विचारायला अजिबात विसरू नका. गालाच्या वणाची शस्त्रक्रिया वगैरे पुष्कळ पुढची गोष्ट आहे. आजार पूर्ण थंड व्हावा लागतो, अंगावर मांस यावं लागतं, त्यात वर्षही जातं.

मुकादमाचं काय, हे तुम्ही मला विचारलंत, पण त्याचं औषध माझ्या पेटीत नाही. खाडा पडेल. 'काही होणार नाही' असं त्या आईला खोटं सांगू नका. उचल घेतलेली आहे, कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, त्यातला एक माणूस गेला की दुसऱ्याचंही काम अडतं, हे तिला तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं. मला सुचतं ते असं: पहिल्या दिवशी आई किंवा बापाने जायलाच हवं, संमतीची सही लागते. पोरगी वॉर्डात रुळल्यावर सोबतीला त्या म्हातारीला ठेवा. घाण पडली म्हणणारी म्हातारी पोरीजवळ बसून असते हे तुमच्याच पत्रावरून दिसतं. तिला एकदा एक्स-रे दाखवा, ती तुमच्यापेक्षा मोठ्याने टोळीला समजावेल. मुकादमाशी बोलायला एकट्या जाऊ नका. सरपंच, नाहीतर ज्यांच्या शेतात टोळी आहे त्या शेतकऱ्याला बरोबर घ्या. पर्यवेक्षिकेला लेखी कळवा, तोंडी नको.

आणखी एक. हंगाम संपला की टोळी बीडला जाईल, आणि हाडाचं औषध अशाच वेळी तुटतं. निघायच्या आधी डिस्चार्ज कार्ड, एक्स-रेची फिल्म, औषधाची चिठ्ठी, सगळं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आईच्या हातात द्या. त्यांच्या बाजूला अंबाजोगाईला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि छत्रपती संभाजीनगरला सरकारी दंत महाविद्यालय. दोन्ही नावं पिशवीवर मोठ्या अक्षरांत लिहा. शक्य असेल तर त्यांच्या गावच्या अंगणवाडी ताईचा नंबर मिळवून तिला फोन करा. सेविकेने सेविकेला केलेला फोन कुठल्याही संदर्भ चिठ्ठीपेक्षा लवकर पोचतो, असा माझा अनुभव आहे.

हे सगळं वाचता वाचता पोरीला पुन्हा ताप भरला, गाल किंवा गळ्याखाली सूज चढू लागली, लाळ गिळता येईना, श्वास लागला किंवा ती झापड आल्यासारखी पडून राहिली, तर चिठ्ठी, कागद, मुकादम सगळं बाजूला ठेवा आणि 108 ला फोन लावा.

राहता राहिली काड्यापेटी. तुकडा फेकू नका. वाळलेल्या हाडातून जंतू शोधायला फारसं काही मिळत नाही, ते डॉक्टर ताज्या नमुन्यातून शोधतील. पण तुकडा केवढा आणि कसला, हे त्यांना डोळ्यांनी बघता आलं की आत काय चाललंय याचा अंदाज येतो. पेटीवर पेनने तारीख घाला, आणि उजवीकडून निघाला की डावीकडून, वरच्या जबड्यातून की खालच्या, तेही लिहा. आईला विचारूनच लिहा, तिच्याच चिमटीत आला होता.